आप्पांचं डांबर

"वैजू, हा आमसुली ना गं?"

आईने रेशमाची लडी माझ्या नाकासमोर धरली. बाहेर कार्तिकातलं लख्ख ऊन पडलेलं आणि आमच्या मधल्या खोलीत मला आईची बोटंसुद्धा धड दिसत नव्हती.

"थांब, बघून येते," मी म्हटलं आणि लडी घेतली, शालूचा पदर हातावर टाकला आणि पुढच्या पायरीवर गेले. उन्हात दोन्ही शेजारी-शेजारी धरून बघितलं. लडी वांगी होती.

"वांगी आहे!" मी तिथूनच ओरडले.

"मग डब्यातली दुसरी घे!"

परत आत. अंधारात चाचपडत दुसरी लडी. परत बाहेर. ही कॉफी कलर. परत आत. आमच्या पुढच्या खोलीत होमिओपॅथीचा दवाखाना होता, तिथल्या बाकावर बसलेले पेशंट माझ्याकडे टेनिसची मॅच बघावी तसे बघत होते. एका आजोबांनी शेवटी विचारलंच, "पोरी, हरवलंय काय?"

"उजेड," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही आणि मला सांगत बसायची ताकद नव्हती.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, कराडला. आमचं घर आणि शेट्यांचं घर यांच्यामध्ये एक बोळ होता. त्यात उभं राहून हात पसरले तर दोन्ही घरांना लागतील एवढाच रुंद. पुढची खोली आम्ही डॉक्टरांना भाड्याने दिलेली, शेट्यांच्या पुढच्या खोलीत त्यांचं धान्याचं दुकान. त्यामुळे दोन्ही घरांचा संसार मधल्या खोलीत, आणि मधल्या खोलीला खिडकी एकच, बोळात उघडणारी. खिडक्या समोरासमोर नव्हत्या. आमच्या खिडकीतून दिसायची ती शेट्यांची भिंत, चुन्याने पांढरी केलेली. बोळात ऊन असं कधी उतरलंच नाही, पण वरून आलेला उजेड त्या भिंतीवर पडायचा आणि तिथून आमच्या खोलीत यायचा. तो इतका शांत आणि सारखा असायचा की त्यात आई रफू करायची.

आईचं रफू गावात नावाजलेलं होतं. उंदराने कुरतडलेला शालू असो की उदबत्तीने भोक पडलेलं सोवळं असो, आई खिडकीशी बसून असं भरून द्यायची की नेणारी बाई पदर उलटसुलट करून विचारायची, "अहो, भोक होतं कुठे?" हा प्रश्न ऐकला की आईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मजुरी ती कमीच घ्यायची. हा प्रश्न ऐकायला मिळणं हीच तिची खरी कमाई होती.

आणि दसऱ्यानंतर एका सकाळी शेट्यांनी ती भिंत काळी केली. वरपासून खालपर्यंत डांबर फासलं.

"मुद्दाम!" आप्पा खोलीत येरझारा घालत म्हणायचे. "शुद्ध द्वेष! त्याच्या भिंतीला ओल नाही, काही नाही. मी स्वतः बघितलंय ना. माझ्या भिंतीला ओल होती म्हणून मी उन्हाळ्यात डांबर मारलं. शास्त्रशुद्ध! यंदाच्या पावसात एक थेंब तरी आत आला का? सांग."

"नाही आला," आई म्हणायची.

"मग? त्याने नुसती नक्कल केली. आपल्याला त्रास व्हावा म्हणून."

आप्पा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. रिटायर झाल्यापासून धरण नाही, कालवा नाही, उरलो आम्ही. भिंतीच्या ओलीवर त्यांनी वर्षभर अभ्यास करून डांबर मारलं होतं आणि येईल त्या पाहुण्याला ते त्याबद्दल सांगायचे. शेट्यांशी त्यांचं बोलणं त्या उन्हाळ्यापासून बंद होतं. का, ते आम्हाला धड सांगितलं नव्हतं. "उद्धट माणूस आहे," एवढंच.

तर आप्पांनी आमच्या अंधाराचाही अभ्यास सुरू केला.

"बस इथे," ते मला म्हणाले. "हा तांब्या तुला दिसतो. का दिसतो?"

"तुम्ही हातात धरलाय म्हणून."

"वात्रटपणा नको. त्याच्यावर पडलेला उजेड उसळून तुझ्या डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून दिसतो. तांब्याकडे स्वतःचं काही नाही. पांढरी वस्तू जवळजवळ सगळा उजेड परत देते, आणि काळी? काळी गिळते! त्या शेट्याची भिंत आपल्या घराचा उजेड गिळतेय. आलं लक्षात?"

"आलं. आता पुढे काय?"

"आरसा," आप्पा म्हणाले.

त्यांनी कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून सोडवला, आणि गच्चीच्या कठड्याला सुतळीने असा बांधला की ऊन बोळात फेकलं जावं. फेकलं गेलं. उन्हाचा एक पांढराशुभ्र तुकडा खिडकीतून आत आला आणि थेट आईच्या डोळ्यांत घुसला. आई ओरडली. मी वर धावले, आरसा हलवला. तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला.

"खाली घे! थोडं डावीकडे! अगं तुझ्या डावीकडे नाही, आईच्या!" आप्पा खालून ओरडत होते.

कसाबसा तो तुकडा आईच्या मांडीवर आणला. शालू नुसता चमकायला लागला, रंग काही कळेना, आणि भोवतालचा अंधार आणखीच दाट वाटायला लागला. तोवर सूर्य सरकला आणि तुकडा तांदळाच्या डब्यावर जाऊन बसला. मी परत वर. सकाळभर मी त्या जिन्यावर चढउतार करत होते. आरसा सगळा उजेड एका जागी आदळतो, आणि चुन्याची भिंत तोच घरभर वाटून देते, हे मला तेव्हा कळलं. डोक्यात अशी तिडीक गेली होती की आरसा तिथून खाली सोडून द्यावासा वाटत होता.

"तत्त्व बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "अंमलबजावणीत दोष आहे."

तो शालू पावसकरबाईंचा होता. बाई मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस, स्वभावाने कडक. त्यांचा स्वतःच्या लग्नातला शालू आता त्यांची मुलगी नेसणार होती, आणि घडी उलगडली तर पदराजवळ कसरीने खाल्लेला. बाई आईला म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या कोणाकडे मी दिलाच नसता."

मी पायरीवर उन्हात बघून दिलेल्या आमसुली लडीने आईने निम्मं भरलं. मग ती लडी संपली. मी कॉलेजला गेलेली, आप्पा वाचनालयात. आईने बल्ब लावला, डब्यातून त्याच जातीची दुसरी लडी काढली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि उरलेलं भरून टाकलं. बल्बच्या त्या पिवळ्या उजेडात आमसुली आणि वांगी सख्ख्या बहिणी दिसतात.

संध्याकाळी पावसकरबाई आल्या तेव्हा मी घरी होते. त्यांनी आत शालू बघितला, मान हलवली, "छान झालंय हो," म्हणाल्या. मग सवयीने पायरीवर गेल्या आणि मावळतीच्या उन्हात पदर धरला.

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. आई दारात उभी राहून त्या प्रश्नाची वाट बघत होती.

"टंकसाळेवहिनी," बाई शेवटी म्हणाल्या, "हे ठिगळ दिसतंय हो."

आई पुढे झाली. उन्हात ते तळहाताएवढं रफू अर्धं आमसुली होतं आणि अर्धं वांगी, मधोमध रेघ मारल्यासारखं. मला ते तिच्या मागून, दारातून दिसलं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

"मी उसवून देते," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या, आणि इतक्या मऊपणाने म्हणाल्या की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. "तुमच्या डोळ्यांना आता त्रास होत असेल. वय झालं की व्हायचंच. मी मुलीला दुसरा घेईन एखादा." शालू आईच्या हातातच ठेवून त्या गेल्या.

आई आत आली. शालूची घडी घातली. मग तिने बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा, ज्यात तिच्या लड्या, सुया, छोटी कात्री असायची, तो बंद केला आणि फळीवर अगदी मागे, पापडांच्या डब्यामागे ठेवून दिला.

"बास झालं," ती म्हणाली. "आता नाही करायचं."

"अगं, तुझे डोळे चांगले आहेत! खोलीत उजेड नाही!"

"लोकांना ते कुठे सांगत फिरू?"

आप्पा म्हणाले, "त्या शेट्याला कोर्टात खेचतो."

मी रात्रभर धुमसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले ती घरी न जाता सरळ शेट्यांच्या दुकानात शिरले. शेटेकाका गल्ल्यावर बसून कोणाला तरी तूरडाळ मोजून देत होते. धिप्पाड माणूस, कपाळाला भस्म. उन्हाळ्यापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"काका, तुम्ही भिंत काळी केलीत त्याने काय झालंय माहीत आहे का? माझ्या आईने काल सुई ठेवून दिली!"

शेटेकाकांनी तराजू खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत.

"आत जा," ते म्हणाले. "आधी आत जाऊन ये. मग भांड माझ्यासंगं."

मी आत गेले. त्यांच्या मधल्या खोलीत पाय ठेवला आणि कशाला तरी अडखळले. आमच्या खोलीत बोटं दिसत नव्हती एवढीच तक्रार होती, इथे माणसंच दिसत नव्हती. खिडकीजवळ खाटेवर कोणीतरी बसलेलं होतं.

"कोन गं? दिवेलागनीला कोन आलं?"

ती आक्का होती, शेटेकाकांची आई. तिचा कमरेखालचा भाग गेल्याला बरीच वर्षं झाली होती. खाट कायमची खिडकीशी, आणि मांडीवर कायम एक परात. आक्का तांदूळ निवडायची. दुकानातला, घरातला, गल्लीत कोणाकडे कार्य निघालं की तिथला. आमच्याकडे माझ्या मोठ्या भावाची मुंज झाली तेव्हाचा सगळा तांदूळ तिने निवडून बोळातून आमच्या खिडकीत पोचवला होता, असं आई सांगायची. आक्काने निवडलेल्या भातात दाताखाली खडा आला असं कोणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"मी वैजू, आक्का. टंकसाळ्यांची."

"आगं बया! बस. सूनबाई, दिवा लाव की गं, सांज झाली."

दुपार होती. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. शेटेकाकू दाराशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आक्काचा हात परातीतून फिरत होता. बोटं जुन्या सवयीने दाणे बाजूला सारत होती. तिच्याशेजारी खड्यांसाठी ठेवलेली स्टीलची वाटी होती. रिकामी.

"आक्का, कशी आहेस?"

"बरी हाय. कामबी हलकं झालंय आता. हल्ली तांदूळ लई स्वच्छ येतुया बघ. येक खडा घावत न्हाई."

मी शेटेकाकूंकडे बघितलं. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्यांचं निवडून झालं की मी दुकानात नेऊन परत निवडते. मूठभर निघतात. त्यांना सांगायचं नाही हां. तेवढंच एक काम आहे त्यांच्या हातात."

"पण हे असं कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर एक भलीमोठी भिंत होती, काळीकुळकुळीत, इतकी जवळ की गजांतून काठी घातली तर लागावी. मी आमच्या घरात जन्मापासून राहत होते. पण आमची ती भिंत अशी समोरून मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. घरात बसून आम्हाला ती दिसण्याचं कारणच नव्हतं. ती दिसायची फक्त शेट्यांना.

दुकानात आले तेव्हा शेटेकाका माझी वाट बघत होते.

"झालं बघून? तुझ्या वडलांस्नी मी तीनदा सांगितलं. हात जोडून सांगितलं, की साहेब, आक्काला दिसंना झालंय. तर काय म्हनाले, मी डांबर माझ्या भिंतीला लावलंय, तुझ्या खिडकीला नाही. मग म्हटलं, कळू दे त्यांस्नीबी. मला का हौस हाय व्हय भिंत काळी करायची?"

"मग आता पांढरी करा की!"

"आधी त्यांनी करावी. सुरुवात कोनी केली?"

मी घरी आले ती आप्पांवर तुटूनच पडले. तांब्या का दिसतो ते मला शिकवणाऱ्या माणसाला आपण शेजारच्या म्हातारीला भरदुपारी आंधळं केलंय हे कळू नये? काळी भिंत उजेड गिळते ना? मग आपली काय करते? ओकते?

आप्पांनी शेजारचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

"मग आज चुना आणा!"

"डांबरावर चुना धरत नाही. पापुद्रे सुटतात. डांबर खरवडायला गवंडी लावावा लागेल, प्लास्टर निघेल, ओल परत येईल. आणि मी का आधी? त्याने आधी त्याची भिंत करावी. माझं कारण शास्त्रीय होतं, त्याचं द्वेषाचं."

"ते म्हणतात तुम्ही आधी."

"तो म्हणणारच!"

मी हात टेकले. दोन शहाणे पुरुष, दोन काळ्या भिंती, आणि मधे आम्ही सगळ्या बायका दिवसाढवळ्या चाचपडतोय. मला रडूच यायला लागलं, रागाने.

आई एवढा वेळ चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने मला फक्त एक विचारलं.

"आक्का अजून निवडतात?"

"निवडतात. दिसत काही नाही. म्हणतात, हल्ली तांदळात खडेच नसतात."

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. उठली, कपाट उघडलं आणि आप्पांची धोतरं काढायला लागली. धुतलेली, नीळ दिलेली, कडक घडीची, सगळीच्या सगळी. वर दोन पलंगपोस. मला म्हणाली, "दोरी घे. आणि स्टूल."

बोळात आम्ही दोघी कशाबशा मावलो. आईने आमच्या खिडकीवरच्या हुकापासून भिंतीच्या मागच्या टोकाच्या खिळ्यापर्यंत, आमच्या भिंतीपासून वीतभर सोडून दोरी बांधली. आणि एकेक धोतर उलगडून पूर्ण लांबीचं त्यावर सोडलं. आक्काच्या खिडकीसमोरची आमची काळी भिंत झाकत गेली.

आप्पा बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. "हे काय चाललंय?"

"धोतरं वाळत घालतेय."

"ती वाळलेली आहेत!"

"हो."

"अगं, डांबर लागेल त्यांना!"

"लागू दे."

"आणि याने आपल्या खोलीत काडीचा उजेड येणार नाही. सगळा त्यांच्याकडे जाईल. मी तुला आकृती काढून दाखवतो."

"मला आकृती कळलीय," आई म्हणाली. "तुम्ही तेवढा दुसरा पलंगपोस द्या."

आप्पांनी तो दिला. पुटपुटत दिला, पण दिला.

आम्ही आत आलो. खोलीत अंधार होता तसाच होता. आई चुलीपाशी जाऊन बसली, आप्पा खुर्चीत. मला आप्पांचाही राग येत होता आणि आता थोडा आईचाही, की इतकं करून आपल्या पदरात काय पडलं?

मग बोळातून आवाज आला. टण्.

आईने मान वर केली.

टण्. टण्.

"बाबू!" आक्काची हाक अशी आली की दुकानापर्यंत काय, चौकापर्यंत गेली असेल. "ए बाबू! हा कसला तांदूळ आनलास रं? नुसतं खडं!"

"आक्का, हळू!" शेटेकाका धावत आत आल्याचं ऐकू आलं. "दुकानात गिऱ्हाईक हाय!"

"गिऱ्हाइकाला बी दाव! ह्यो बघ. आनी ह्यो. आरं, केवढाला! मानसांचं दात पाडतुस काय?" टण्. "आनी ह्यो येक!"

शेटेकाकू हसत होत्या की रडत होत्या ते आम्हाला भिंतीपलीकडून कळेना. वाटीत खडे पडतच होते. आई गुडघ्यांना मिठी मारून ते ऐकत बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

तेवढ्यात मला आप्पांचा चष्मा दिसतोय हे माझ्या लक्षात आलं.

खिडकीबाहेर, समोरच्या काळ्या भिंतीपुढे, शेटेकाका दुकानातल्या शिडीवर उभे होते. तोंडात दोरीचं टोक, हातात एक पांढरी चादर. दुसरी खांद्यावर. आमच्याकडे न बघता त्यांनी ती दोरीवर पसरली, मग दुसरी, मग स्वतःचं धोतर. प्रत्येक कापडाबरोबर आमची खोली थोडी थोडी उजळत गेली. आधी आप्पांचा चष्मा, मग तांब्या, मग फळीवरचा पापडांचा डबा आणि त्याच्यामागचा बिस्किटांचा डबा.

"गाठ चुकीची मारतोय," आप्पा म्हणाले. "सुटेल ती." आणि उठून खिडकीशी गेले. "शेटे! दोरीला दुहेरी पीळ द्या!"

"देतो, साहेब," बाहेरून आवाज आला.

आईने डबा काढला. खिडकीपाशी नेहमीच्या जागी बसली, पावसकरबाईंचा शालू मांडीवर पसरला आणि कात्रीच्या टोकाने वांगी टाके एकेक उसवायला लागली. मग डब्यात हात घातला. माझ्याकडे न बघता, मला काही न विचारता एक लडी वर काढली आणि उजेडात धरली.

"हा आमसुली," ती म्हणाली.